ह्याने की ह्याच्या आईबापांनी? नागपुरातल्या एका मंडळीतलं आजार आणि पापाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, आहे. संबंधित कुटुंबाने आणि प्रार्थनागट चालवणाऱ्या भाऊंनी, दोघांनीही लिहायला होकार दिला. कुणाचंही नाव दिलेलं नाही, मंडळी कोणत्या पंथाची तेही मुद्दाम लिहिलेलं नाही. मी स्वतः निवृत्त स्टाफ नर्स, आणि तेव्हा मंडळीच्या कमिटीवर होते. त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे, आणि तो जिथल्या तिथे लिहिला आहे.

पार्श्वभूमी

उत्तर नागपुरातली आमची मंडळी शंभरेक घरांची. आजोबा रेल्वेत, आजी मिशनच्या दवाखान्यात किंवा शाळेत, अशी बहुतेक घरं. सीताबर्डीचं मुर मेमोरियल रुग्णालय स्कॉटिश मिशनऱ्यांनी उभं केलं. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायका अशाच मिशन दवाखान्यांत ड्युटीवर जाण्याआधी प्रार्थना करत आणि मग इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवत. या दोन गोष्टींत काही विरोध आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं याच जागी फिसकटलं.

आमच्या मंडळीत वेगवेगळ्या वळणाची घरं आहेत. १९७० साली २९ नोव्हेंबरला याच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. शहराला त्याचा अभिमान आहे. पण घटना, मालमत्ता आणि बिशप एक झाले म्हणून घराघरात वचन, म्हणजे बायबल, वाचायची रीत एक होत नाही. एकाच बाकावर बसलेली दोन माणसं एकच ओळ दोन टोकांनी वाचतात, हे आम्ही रोज पाहतो. आम्ही त्याबद्दल कधी बोललो मात्र नव्हतो.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे ती तेव्हा १४ वर्षांची, नववीची परीक्षा देणारी. वडील शाळेची व्हॅन चालवतात, आई बालवाडीत शिकवते, घरात आजी आणि धाकटा भाऊ. मुलगी दीड वर्षाची असताना हातापायाची बोटं सुजली, तपासणीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार निघाला. विदर्भात हा आजार काय आहे ते वेगळं सांगायला नको. आई वाहक, वडील वाहक, दोघंही धडधाकट. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त निघण्याची शक्यता चारात एक असते. धाकटा भाऊ वाहक निघाला, ही ग्रस्त. लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांतून कळा येतात. ताप, थंडी, दमणूक आणि अंगातलं पाणी कमी होणं, या चार गोष्टींना या पोरांनी जपायचं असतं. तिला रोज हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल आणि फॉलिक ॲसिडची गोळी चालू होती. त्याने वर्षाला पाच-सहा वेळा ॲडमिट होणारी पोरगी एकदाच होऊ लागली होती.

दुसरीकडे आमच्याकडे बुधवारचा प्रार्थनागट होता. तो चालवणारे भाऊ एकेकाळी ठेकेदारी करायचे आणि दारूत बुडालेले होते. यकृत पार बिघडलं होतं, पोटात पाणी भरायचं. त्यांनी दारू सोडली, प्रभूला धरलं आणि ते उभे राहिले. ही साक्ष खरी आहे, मी त्यांचे रिपोर्ट पाहिले आहेत. त्यांच्यामुळे मंडळीतल्या चार घरांतली दारू सुटली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, वर्षानुवर्षं ज्या घरांत पाऊल ठेवू शकले नव्हते त्या घरांत भाऊ रात्री अकरालाही जाऊन बसत. म्हणून त्यांना खलनायक समजून हे वाचू नये.

काय घडलं

त्या मार्चमध्ये मुलीला तीन आठवड्यांत दोनदा कळा आल्या. घाबरून घरच्यांनी प्रार्थना ठेवली. आम्ही बारा-पंधरा जण होतो. भाऊंनी योहानाच्या पाचव्या अध्यायातली चौदावी ओळ वाचली. बेथेस्दाच्या तळ्याकाठच्या ३८ वर्षांच्या आजारी माणसाला येशू म्हणतो, आता पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल. मग निर्गम २०:५ वाचली, बापांच्या अन्यायाबद्दल मुलांना तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन करणारी. आणि डोळे मिटून म्हणाले, "या घरात काहीतरी झाकलेलं आहे जी. ते उघडं होईपर्यंत पोरीला आराम नाही."

खोलीभर "आमेन" झालं. त्यात माझाही होता. प्रार्थनेत वाक्य संपलं की तोंडातून आपोआप येतो तसा. ३१ वर्षं वॉर्डात काढलेली बाई, मला त्या आजाराचं गुणसूत्रही माहीत होतं, आणि मी आमेन म्हटलं. या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच. तेव्हा तो निर्णय आहे हेही माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या बुधवारी आई हॉलमध्ये उभी राहिली. तीसेक माणसं होती. रडत तिने सांगितलं की पोरगी लहान असताना, रात्र-रात्र ओरडायची तेव्हा, ती कुणाला न सांगता तिला ताजबागेत, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात, घेऊन गेली होती आणि धागा बांधून आली होती. नागपुरात हे किती घरांत घडलं असेल, कोणत्या धर्माच्या! पण आमच्या हॉलमध्ये ती एका बाईची कबुली ठरली. भाऊंनी डोक्यावर हात ठेवून शाप मोडल्याची प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट शाळेच्या व्हॅनपर्यंत पोहोचली होती. वडिलांना ती एका पालकाकडून कळली, बायकोकडून नव्हे.

मे महिन्यात भाऊंनी तीन दिवसांची उपास-प्रार्थना ठेवली, दिवसा पाणीही नाही. मुलीने उपास करावा असं कुणीही म्हटलेलं नव्हतं, हे मी विचारून खात्री केली आहे. ती स्वतःहून बसली. बाहेर ४५ अंश. तिसऱ्या दिवशी दुपारी पाठ आणि दोन्ही मांड्या धरल्या, संध्याकाळी ताप आला, रात्री श्वास लागला. आजार छातीत उतरला होता. ऑक्सिजन, सलाइन, रक्ताची एक बाटली आणि नऊ दिवस वॉर्ड.

चौथ्या दिवशी तिची वही-पुस्तकं आणायला मी घरी गेले. कंपास पेटी उघडली तर कर्कटकाच्या खाली कॅप्सूल होत्या. मोजल्या, सोळा. म्हणजे उपासाच्या बऱ्याच आधीपासून ती आईसमोर पाण्याचा घोट घेत होती आणि कॅप्सूल मुठीत ठेवत होती.

वॉर्डात मी तिला रागावले नाही, फक्त पेटी उशाशी ठेवली. ती बराच वेळ सलाइनच्या थेंबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, आईबापाचं पाप म्हणजे माझंच ना? रक्त तर तेच आहे."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. एक्स-रेच्या पाकिटाच्या पाठीवर मी चार गोल काढले, शाळेत वाटाण्याच्या झाडांचे काढतात तसे. एक पूर्ण कोरा, दोन अर्धे रंगवलेले, एक पूर्ण रंगवलेला. सांगितलं की दर वेळी नव्याने चिठ्ठी निघते. वाहक असणं ही खोट नाही, उलट ज्यांच्यात हा अर्धा रंग होता ती माणसं जुन्या काळी मलेरियाच्या जीवघेण्या तापातून जास्त वाचली, म्हणूनच तो आपल्यापर्यंत आला. तुझ्या पणज्या कदाचित याच्यामुळे जगल्या. तिने पाकीट हातात घेतलं, रंगवलेल्या गोलावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग मलाच काहून?"

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट करून येशूला विचारलं होतं, ह्याने पाप केलं की ह्याच्या आईबापांनी. हा प्रश्न मी रविवारशाळेत कितीदा शिकवला. ज्याच्याकडे बोट होतं त्या माणसाच्या जागेवरून तो कसा ऐकू येतो, ते मला त्या खाटेजवळ कळलं.

वाद नेमका कशावर होता

मुलगी घरी आल्यावर मंडळीत दोन तट पडले. एका बाजूला प्रार्थनागट, दुसऱ्या बाजूला बहुतेक तरुण संघ. तरुणांचं म्हणणं, हे सगळं जीन्सचं आहे, पाप-बिप मध्ये आणूच नका. भाऊंचं म्हणणं, मग वचनातून इतकी पानं फाडून टाका.

भाऊंचं हे म्हणणं हलकं नव्हतं. त्यांची यादी त्यांनी वहीत लिहून आणली होती. निर्गम १५:२६, आज्ञा पाळाल तर मिसऱ्यांवरचे रोग तुमच्यावर आणणार नाही. अनुवादाच्या २८ व्या अध्यायातले शाप, त्यात क्षयरोग आणि ताप नावानिशी आहेत. मिर्याम, गेहजी, उज्जीया राजा, तिघांनाही पाप केल्यावर कोड. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला येशू आधी "तुझ्या पापांची क्षमा झाली आहे" म्हणतो, मग उठवतो. आणि सर्वांत वजनदार, पहिलं करिंथकरांस ११:३०. प्रभुभोजन अयोग्य रीतीने घेतल्यामुळे तुमच्यात पुष्कळ जण दुर्बळ आणि रोगी आहेत, काही मरणही पावले आहेत. हा तर नवा करार आहे, पौल आहे. याला काय उत्तर देणार?

आमच्या बाजूच्या ओळीही तितक्याच होत्या. ईयोबाचे मित्र नेमकं हेच म्हणत होते, की निर्दोष माणूस कधी नाश पावला आहे काय. शेवटी परमेश्वर अलीफजाला सांगतो, माझा सेवक ईयोब याच्यासारखं तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असं वाटतं का, येशू म्हणतो, नाही. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, पाप शोधायला नव्हे. अलीशा संदेष्टा आजारी पडून मेला. यहेज्केलाच्या १८ व्या अध्यायात तर परमेश्वर एक म्हणच बंद करतो: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. यापुढे इस्राएलात ही म्हण चालायची नाही.

पहिल्या दोन बैठकी अशाच गेल्या. एक ओळ इकडून, एक ओळ तिकडून, क्रिकेटसारखे गुण मोजत. कुणीही कुणाला पटवू शकलं नाही, कारण दोन्ही याद्या खऱ्या आहेत. ज्याला आपल्या बाजूच्याच ओळी खऱ्या वाटतात त्याने अर्धाच ग्रंथ हातात धरला आहे, असं मी आता स्पष्टच म्हणते. त्यात आमचा तरुण संघही आला.

माझ्या दृष्टीने गाठ सुटली ती वेगळ्या ठिकाणी. पाळकसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं की प्रत्येक ओळ कोण बोलतंय, कुणाला, आणि आजाराच्या आधी की नंतर, एवढंच लिहून आणा. अर्थ लिहू नका. ते काम करताना जे दिसलं ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. ३२ व्या स्तोत्रात दावीद म्हणतो, मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं जीर्ण झाली. माझी. ३८ व्या स्तोत्रातही माझ्या पापामुळे माझ्या हाडांत स्वस्थता नाही. वचनात माणूस स्वतःबद्दल हे म्हणू शकतो. भाऊंचीही साक्ष तशीच आहे, मी प्यायलो आणि माझं यकृत गेलं. ती प्रथमपुरुषी आहे म्हणून खरी आहे. "तू" म्हणून जिथे पाप आणि आजार जोडले जातात, तिथे बोलणारा एकतर स्वतः परमेश्वर, किंवा संदेष्टा, किंवा प्रेषित, किंवा येशू. सामान्य माणूस दुसऱ्या सामान्य माणसाच्या अंथरुणाशेजारी बसून असं बोलला याचं मोठं उदाहरण एकच सापडतं, ईयोबाचे मित्र. आणि त्यांनाच होमार्पण करायला लावलं आहे.

बेथेस्दाची ओळही नीट वाचली. त्या माणसाला येशूने बरं केलं तेव्हा कबुली मागितली नव्हती. त्याला तर आपल्याला बरं करणारा कोण हेही ठाऊक नव्हतं, तेराव्या ओळीत तसं लिहिलं आहे. पाप करू नकोस हे शब्द नंतर, मंदिरात भेटल्यावर आले. म्हणजे बरं होण्याआधी पाप उघडं झालं पाहिजे, हा क्रम त्या कथेत नाहीच. तो आम्ही घातला होता.

योहान ९:३ वर तरुणांनाही थांबावं लागलं. "आईबापांनी पाप केलं असं नाही" इथे ते टाळ्या वाजवून थांबत. पण पुढे आहे, देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून. मग देवाने आपली कामं दाखवायला एका बाळाला आंधळं जन्माला घातलं? मुलीच्या वडिलांनी हे विचारलं तेव्हा हॉल गप्प झाला. पाळकसाहेबांनी सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये "हा असा जन्मला" हे शब्द त्या उत्तरात पुन्हा येत नाहीत, आणि जुन्या हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हंही नसतात. काही अभ्यासक ते वाक्य पुढच्या ओळीला जोडून वाचतात: ह्याच्या ठायी देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून, दिवस आहे तोवर आपल्याला काम केलं पाहिजे. तसं वाचलं की ती ओळ कारण सांगत नाही, कामाला लावते. हे वाचन सर्वांना मान्य नाही, पाळकसाहेबांनी तेही सांगितलं. वडील एवढंच म्हणाले, "असं वाचता येते, हेच मले पुरे आहे."

कोडाबद्दल एक गोष्ट मीही सांगितली. मिर्याम-गेहजीच्या कथा वाचून आपल्या विदर्भात कुष्ठरोग्यांना किती पिढ्यांनी पापी ठरवलं. लेवीय १३-१४ उघडा, तिथे ज्याला कोड म्हटलंय ते कपड्यांना आणि घराच्या भिंतींनाही होतं. जंतूने होणारा जो कुष्ठरोग आपण दत्तपूर-आनंदवनात पाहिला तो भिंतीला होत नाही. एका शब्दाखाली आपण दोन गोष्टी गुंडाळल्या आणि जिवंत माणसांना गावाबाहेर बसवलं. जंतू तर हॅन्सेनने १८७३ सालीच पाहिला होता.

पाप आणि शरीर यांचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाऊन तोंड न उघडणारी पंचविशीची पोरं मी वॉर्डात पाहिली आहेत. करण्याचं फळ शरीर भोगतं. पण ते त्या पोराला तो खर्रा सोडेल अशा रीतीने सांगायचं असतं, खाटेशी उभं राहून देवाचा निकाल म्हणून वाचायचं नसतं.

समोर कोणते मार्ग होते

जूनमध्ये कमिटी बसली तेव्हा चार सूचना आल्या. बुधवारचा गट बंद करायचा, ही सर्वांत जोरात. मला राग होता, मी याच बाजूची होते. पाळकसाहेब म्हणाले, बंद केला तर तो कुणाच्या तरी गच्चीवर भरेल आणि मग तिथे आपल्यापैकी कुणीच नसेल. दुसरी सूचना, रविवारी उपदेशातून नाव न घेता खंडन करावं. नाव न घेता म्हणजे सगळ्यांना कळेल आणि भाऊंना उत्तर देता येणार नाही. ती लगेच बाजूला पडली. तिसरी, काही करू नये, पोरगी बरी आहे, विषय थंडावेल. हीच बहुतेकांच्या मनात होती, आणि गेले तीन महिने आम्ही प्रत्यक्षात हेच करत होतो.

चौथी सूचना मुलीच्या आजीची, ती कमिटीवर नव्हती, चहा घेऊन आली होती. म्हणाली, "मत्तयाचा अठरावा काढा ना साहेब. आधी एकट्यानं जाऊन बोला म्हणते ना ते? त्या भाऊंकडे कोण गेलं एकट्यानं?" कुणीही गेलेलं नव्हतं.

काय केलं

पाळकसाहेब आणि मी भाऊंच्या घरी गेलो. मी कंपास पेटीतल्या सोळा कॅप्सूल कागदाच्या पुडीत घेऊन गेले होते आणि काही न बोलता त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांना उपासाचं ठाऊक होतं, गोळ्यांचं नव्हतं. बराच वेळ त्यांनी पुडीला हात लावला नाही. मग म्हणाले, "मी गोळ्या बंद कर म्हटलं नव्हतं, बाई." म्हटलं नव्हतं, हे खरंच होतं. पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही कारण सांगितलंत भाऊ. पोरीनं त्यावरचा उपाय स्वतः काढला."

त्यानंतर वर लिहिलेलं वाचन झालं, जुलैत तीन शनिवारी, भाऊंच्या सोबतीने, त्यांच्या विरुद्ध नव्हे. दुसऱ्या शनिवारी सिकलसेल पाहणारे एक डॉक्टर आले. ते ख्रिस्ती नाहीत. त्यांनी वचनावर एक शब्द काढला नाही, फक्त पाणी कमी पडलं की पेशीचं काय होतं ते फळ्यावर काढून दाखवलं.

तिसऱ्या शनिवारी करिंथकरांसची ओळ आली, आणि तिथे एक रेल्वेतले निवृत्त काका उठले. त्यांनी ३० व्या ओळीऐवजी २१ आणि २२ वाचल्या. करिंथात प्रभुभोजनाला श्रीमंत आधी येऊन खाऊन-पिऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. पौल विचारतो, ज्यांच्याजवळ नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? काका म्हणाले, "म्हणजे तिथं पाप आहे लाजवण्याचं, आणि लिहिलंय पूर्ण मंडळीला. आपण एका माउलीला तीस लोकांत उभं केलं. हे वचन तिच्या घराला नाही लागत. आपल्याला लागते." भाऊंनी त्या दिवशी वही उघडली नाही.

कमिटीने शेवटी तीन गोष्टी ठरवल्या आणि त्या गटातही वाचून दाखवल्या. याकोब ५:१४ प्रमाणे आजाऱ्यासाठी तेल लावून प्रार्थना होईल, पण मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे ज्येष्ठांनी, घरी जाऊन, आणि आजाऱ्याने बोलावल्यावर. त्याच अध्यायात "त्याने पापं केली असली तर" असं आहे, तो "तर" कुणीही गाळायचा नाही. पापकबुली सभेत घेतली जाणार नाही, ज्याला सांगायचं आहे तो पाळकसाहेबांना किंवा आपल्या विश्वासातल्या माणसाला सांगेल. आणि औषधावर असलेल्या माणसाच्या घरी प्रार्थनेला जाताना औषध चालू आहे ना, हे विचारायचं. हे शेवटचं माझं. विचारायला कुणाला लाज वाटत असेल तर मी सोबत येईन, असंही सांगितलं.

काय निष्पन्न झालं

मुलगी आता अकरावीला आहे, औषध नियमित चालू आहे. दहावीच्या आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे हे घरच्यांना माहीतच नव्हतं. उपास ती करते, मोबाइलचा. मंडळीतल्या अकरा जणांनी स्वतःहून सिकलसेलची तपासणी करून घेतली, त्यात लग्न ठरलेलं एक जोडपं होतं.

भाऊंचं मत पूर्ण बदललं असं नाही. परवाच मला म्हणाले, पिढीचे शाप असतात यावर माझा विश्वास आहे बाई, पण कुणाच्या घरात आहेत ते मी आता सांगत नाही. मी वाद घातला नाही. गटातली सहा माणसं निघून गेली, त्यांना आमची मंडळी थंड वाटते. तरुण संघातलेही दोघं गेले, भाऊंना गट चालवू दिला म्हणून. बुधवारी आता चाळिसाऐवजी पंचवीस माणसं येतात.

आज वेगळं काय केलं असतं

मार्चमधल्या त्या आमेनच्या जागी मी फक्त एवढं विचारलं असतं, "भाऊ, हे तुम्हाला कसं कळलं?" एवढ्यानेही बहुधा पुरलं असतं. प्रार्थनेत प्रश्न विचारणं आमच्याकडे अविश्वास समजतात, पण योहानाचा नववा अध्याय प्रश्नांनीच भरला आहे.

आई हॉलमध्ये बोलायला उभी राहिली तेव्हा कमिटीचे तीन जण तिथे होते. एखादं गाणं सुरू करून, तिला हाताला धरून बाहेर नेता आलं असतं. आम्ही ऐकत राहिलो, कारण ऐकायचं होतं. हे लिहायला जड जातंय.

मुलीशी कुणी बोललंच नव्हतं. आईशी, आजीशी, वडिलांशी सगळे बोलत होते. जिच्या रक्ताबद्दल सगळं चाललं होतं ती शेजारच्या खोलीत अभ्यास करत ऐकत होती. सोळा कॅप्सूल साठेपर्यंत वेळ होता, एकदा तरी कुणी पेटी उघडून बघायला हवी होती.

जूनपर्यंत थांबायला नको होतं. पहिल्या कबुलीनंतरच भाऊंकडे जायला हवं होतं, एकट्याने, आजीने सांगितल्याप्रमाणे.

आणि एक राहिलं आहे. आईची माफी आम्ही मागितली, पाळकसाहेब, भाऊ आणि मी, तिच्या स्वयंपाकघरात, ती पोळ्या लाटत असताना. तिने माफ केलं, चहा दिला. पण ती अजून महिला मंडळाला येत नाही, रविवारी मागच्या बाकावर बसते आणि शेवटच्या गाण्याआधी उठून जाते. तिची कबुली तीस माणसांसमोर झाली होती, आमची माफी चौघांत झाली. यंदाच्या वार्षिक सभेत ती माफी सगळ्यांसमोर मागायची का, असा ठराव मी लिहून दिला आहे. तिला विचारायला परवा गेले होते. ती म्हणाली, सांगते विचार करून. मी थांबले आहे.